बाभळीचा तुंबा

माझं माहेर सागाचं आणि सासर बाभळीचं. सुतारकी दोन्हीकडे, पण लाकूड बदललं की माणसांची बोलण्याची तऱ्हाही बदलते, असं मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत वाटू लागलं. माहेर नवापूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. वडील दारं, चौकटी, पेट्या करायचे. साग रंध्याखाली सुरळीत जातो, त्याचा भुसा बोटांना तेलकट लागतो, घरात कमावलेल्या कातड्यासारखा वास भरून राहतो, आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. अशा लाकडावर पोट असलेली माणसं हळू बोलतात. सासर तापीच्या काठावर, गुजर शेतकऱ्यांच्या गावात. काळी जमीन, कापूस, ऊस, केळी. सुताराकडे मागणी गाडीची, नांगराची, वखराची. तिथे सागाला कोण विचारतो? दगडावर चाक आदळलं की साग धाग्याधाग्यानं चिरफळतो. तिथे बाभूळच लागते, आणि बाभूळ घडवणारी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, कारण लाकूड तासायच्या वाकसाच्या आवाजात हळू बोललेलं ऐकूच येत नाही. सागाचं हे वैगुण्य सासूबाईंनी मला इतक्यांदा ऐकवलं, की जणू मी सागाची शिफारस घेऊनच त्या घरात आले होते.

ही दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. घरात सासूबाई, यजमानांचे थोरले भाऊ म्हणजे माझे जेठ, जाऊबाई, त्यांची लहान मुलं, आणि आम्ही दोघं. सासरे वारलेले. अंगणाच्या एका कडेला कामाची छपरी होती. जेठ चाकाचे बाहेरचे गोल पाटे, गाडीची साटी, म्हणजे वरचा सांगाडा, आणि जू करायचे. यजमान तुंबा करायचे. चाकाच्या मधोमध जो लाकडी गड्डा असतो तो तुंबा. त्याला चहूकडून भोकं पाडून आरे ठोकतात. गाडीचं सगळं ओझं शेवटी त्या भोकांवर येतं. एक भोक केसभर तिरपं झालं, तर चाक जन्मभर लंगडतं. यजमानांचे तुंबे शहाद्यापर्यंत माहीत होते. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. मलाही तो थोडा होता, पण मी लपवत असे.

लाकडाबद्दल आमच्याकडे माणसांपेक्षा जास्त बोलणं व्हायचं. जेवताना कुणी आजारी असल्याची बातमी आली तर हूं म्हणून सोडून देत, पण तळोद्याच्या बाजारात डोंगरातून तिवसाचे सोट उतरलेत असं कळलं की दोघे भाऊ हात धुवायचे विसरत. तिवस आऱ्यांना आणि दांड्यांना. वाकतो, धक्का खातो, मोडत नाही. धावडा त्याहून कडक, कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण सुकताना तडकतो; त्याचा डिंक मात्र लाडवात बरा, एवढं त्याच्याबद्दल मी आपलं मत राखून होते. अंजन म्हणजे लोखंडाचा सख्खा भाऊ. करवतीचे दात झिजवतो, म्हणून जमिनीत गाडायच्या खांबांखेरीज त्याला कुणी हात लावत नसे. मुसळ खैराचं. फणी हळदूची, कारण त्याचे धागे बारीक आणि केसांत अडकत नाहीत. शिसवाचं काम आलं की यजमान खूष असत, पण शिसवाचा पलंग करून घेणारं गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांतून एखादं. आणि शिवण. शिवणीला माझ्या सासरी कुणी फारसं मोजत नसे. फिकट, हलकी, बायकी. मात्र ती सुकल्यावर वाकत नाही की फाटत नाही, म्हणून डोंगरातले लोक तिचे ढोल करत आणि आमच्याकडे पाळणे होत.

बाभूळ कापून लगेच वापरायची नाही, हा घरातला पहिला नियम. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, साल सोलायची आणि ओंडका नदीच्या डोहात वर्षभर बुडवून ठेवायचा. पाण्यात तिचा गोड रस निघून जातो, मग भुंगा लागत नाही. नंतर सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर ती रागानं फाटते. बाहेरचा पांढरा भाग टाकून द्यायचा, आतला लालसर गाभा घ्यायचा. असा गाभा वाकसाखाली ठणठण वाजतो.

असाच एक ओंडका त्या उन्हाळ्यात डोहातून वर काढून, वाळवून, कापायला घेतला होता. लाकडाच्या उंच घोडीवर ओंडका तिरका टेकवायचा. एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि मोठी करवत वरखाली ओढायची. जेठ वर होते, यजमान खाली. ओंडक्याला लावलेली पाचर सुटली. मी तेव्हा विहिरीवर होते. करवतीचा आवाज थांबला एवढंच मला कळलं. आमच्या घरात तो मधेच थांबत नसे. ओंडका यजमानांच्या डाव्या पायावर पडला होता. बैलगाडीतून नंदुरबार, तिथून आगगाडीनं सुरतेचा दवाखाना. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पाऊस संपता संपता ते घरी आले, कुबड्या घेऊन, बारीक झालेले, दाढी वाढलेली.

पाचर जेठांनी ठोकली होती. ते कुणी बोललं नाही. जेठ स्वतःही बोलले नाहीत, पण यजमान परत आले त्या दिवसापासून ते जेवायला सर्वांत शेवटी बसू लागले. सासूबाईंना तो ओंडका होळीत घालायचा होता. जेठांनी तो छपरीच्या मागे लोटून दिला आणि त्यावर गोणपाट टाकलं.

मग जेठांनी पाय करायला घेतला.

त्यांचा तो महिना मी विसरणार नाही. कामं बाजूला पडली. बाभळीचा पाय जड होईल, माणूस दमेल. साग हलका पडेल पण आपटला की चिरेल. तिवसाचा नुसता सोट लावला तर भिकाऱ्याच्या कुबडीसारखा दिसेल, आणि माझा भाऊ भिकारी नाही, असं ते कुणी न विचारता म्हणत. शेवटी त्यांनी शिवण निवडली. जी शिवण या घरात बायकी म्हणून हिणवली जायची, तिचं एक जुनं, नीट वाळलेलं खोड त्यांनी कुठून तरी मिळवलं. पाय आतून पोकळ कोरला, मांडी बसेल असा. बाहेरून नडगीला गोलाई दिली, घोट्याला उंचवटा दिला. जोडाच्या खुंट्या तिवसाच्या, तळाला म्हशीच्या कातड्याचा जाड तुकडा, आणि कमरेला बांधायला चामड्याचे पट्टे. त्यांनी पायाला बोटंही कोरली. बोटांची काही गरज नव्हती. पण ती त्यांनी अशी कोरली होती की अंगठ्याच्या शेजारचं बोट यजमानांच्या बोटासारखंच जरा लांब होतं. ते पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत बसले.

पाय बांधला तो दिवस सणासारखा झाला. यजमान अंगणातून दारापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. सासूबाईंनी दृष्ट काढली. जाऊबाईंनी गुळाचा शिरा केला. गुजर पाटलांच्या घरची माणसं पाहायला आली आणि पाय वाजवून पाहू लागली. यजमानांनी भावाच्या कामाची मनापासून तारीफ केली. ती खोटी नव्हती. पाय सुरेखच होता.

दुसऱ्या दिवशी ते छपरीत कामाला बसायला गेले.

हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे सुतार जमिनीवर बसून काम करतो. शहरात टेबलाला लोखंडी शिकंजा लावून उभ्यानं काम करतात असं ऐकून माहीत होतं. आमचा शिकंजा म्हणजे पाय. फळी एका टाचेखाली दाबायची, आरा दोन अंगठ्यांत पकडायचा. तुंबा तर दोन्ही तळव्यांच्या मधे धरायचा आणि मधून भोकं पाडायची पटाशी चालवायची. पाय नुसता धरत नाही, घावागणिक थोडा सैल होतो, थोडा फिरवतो, लाकूड कुठे उसळणार ते त्याला हाताआधी कळतं. जेठांनी महिनाभर विचार केला तो माणूस चालेल कसा याचा. खाटेवर पडलेल्या माणसाकडे पाहून कुणालाही तेच सुचलं असतं. सुताराला पाय कशासाठी लागतो, हे सुताराच्याच घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. यजमान खाली बसले, आणि शिवणीचा तो देखणा पाय काठीसारखा सरळ पुढे पसरला. तो दुमडत नव्हता. त्याला तळवा होता, पण पकड नव्हती. त्यांनी पट्टे सोडले, पाय बाजूला ठेवला आणि एका पायानं तुंब्याचा गड्डा धरून पाहिला. गड्डा गोल. तो गरकन फिरला आणि भिंतीशी जाऊन थांबला.

त्यांनी तो पुन्हा आणायला सांगितला नाही.

जेठांनी जमिनीत खुंट्या ठोकून दिल्या. खुंट्यांत गड्डा घट्ट बसला, पण घाव पडला की तसाच अडून राही आणि पटाशी भलतीकडे जाई. मग जेठ स्वतः समोर बसून हातांनी धरू लागले. यात दोन अडचणी होत्या. घाव पडताना धरणाऱ्याचे हात बिचकत, आणि दोन सुतारांचं मिळून एकाचंही काम होत नसे. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला. पाटलांच्या गाडीला नवं चाक हवं होतं आणि ते आमच्याकडेच सांगितलेलं. एका संध्याकाळी सासूबाई, जेठ आणि जाऊबाई बसून बोलले. मी भाकरी थापत होते, मला ऐकू येत होतं आणि येऊ दिलं जात होतं. जाऊबाईंचा भाऊ चांगला सुतार होता. त्याला बोलवावं, तुंब्याचं काम त्यानं करावं. यजमानांनी खळ्यावर राखण करावी, पोरं सांभाळावीत, जमेल तेवढी धार लावून द्यावी. कुणी वाईट बुद्धीनं बोलत नव्हतं. पण एकदा दुसऱ्याचा वाकस त्या जागी टेकला की ती जागा यजमानांना पुन्हा मिळणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेठांनी एवढंच मागून घेतलं की पाटलांच्या चाकापर्यंत थांबू. एक तुंबा त्याला करू दे. जमला तर जमला.

यजमान हे ऐकून उठले. छपरीमागे गेले, तो जुना ओंडका गोणपाट काढून पाहिला, आणि जेठांना सांगितलं की तुंबा याचाच करायचा. सासूबाई चिडल्या. लाकूड चांगलं आहे, वर्षभर पाण्यात राहिलेलं आहे, पडलं ते त्याच्या मनानं पडलं नाही, असं यजमान म्हणाले. जेठ खाली मान घालून ओंडक्याचा तुकडा कापू लागले.

आता माझं सांगते. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. लहानपणी त्यांना फळी धरायला मीच होते. समोर बसून टाच दाबायची, वडील रंधा मारत येत आणि माझ्या बोटांच्या अलीकडे थांबत. वयात आले तेव्हा आईनं ते बंद केलं, आणि सासरी हे कुणाला सांगायचं नाही असं बजावून पाठवलं. मी कधी सांगितलं नव्हतं. तुंबा घसरला की यजमान ओठ चावून बसून राहत, ते मी रोज दारातून पाहत होते, आणि मला दया येत नव्हती, राग येत होता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. दुपारची वेळ होती. सासूबाई आणि जाऊबाई शेताकडे, जेठ लोहाराकडे. मी छपरीत गेले, गोणपाटाचा पडदा ओढला, त्यांच्या डाव्या अंगाला जरा तिरपी बसले, आणि माझा उजवा तळवा तुंब्याला लावला. तिथे त्यांचा डावा असायचा.

ते माझ्याकडे पाहत राहिले. लाकडाला बाईचा पाय लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. दसऱ्याला जी हत्यारं पुजायची, त्यांच्या वाटेत बाईनं पाय आणायचा नाही. मी म्हटलं, "सांगा, कोठे दाबू?"

त्यांनी पटाशी उचलली. मग ते म्हणाले, "उलसा खाले. आनि हालू नको." मी तळवा थोडा खाली घेतला.

पहिल्या घावालाच मला कळलं की हे माहेरचं काम नव्हे. साग पायाखाली शांत राहतो. बाभूळ उसळते. घाव तळव्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत जातो, आणि दातावर दात वाजतात. पहिल्या दिवशी एकही भोक पुरं झालं नाही. पण हळूहळू माझ्या पायाला त्यांच्या हाताची चाल कळू लागली. दोन घाव जोराचे, तिसरा हलका, मग थांबून फिरवायचं. ते बोलत नसत, मीही नाही. कधी त्यांचा पाय त्यांच्या बाजूनं जरा ढकलायचा, म्हणजे फिरव असा अर्थ. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं असं मला वाटे. ती दुपार मला आवडू लागली, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

जेठांना कळलं असावं. छपरीत येण्याआधी ते दुरूनच खोकू लागले, एवढं खोकण्यासारखं त्यांना काही झालेलं नसताना.

शेवटच्या भोकांपैकी एकात गाठ निघाली. बाभळीच्या गाठीत धागे पिळलेले असतात. पटाशी आत जाते ती एका वाटेनं आणि बाहेर येते दुसऱ्याच. ती उसळली आणि माझ्या पायावर, अंगठ्याच्या मुळाशी बसली. मी ओरडले नाही. पण रक्त तुंब्यावरून भुशात गेलं, हळद शोधायला मला घरात जावं लागलं, आणि दारातच सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, अंगाला लागलेल्या भुशाकडे पाहिलं, छपरीच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांना आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

"सुतारनी बाई लाकूडले पाय लावस नही वं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. नंतर त्यांनीच हळद आणली, जखमेत दाबली, चिंधी बांधली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी यजमानांनी पटाशी पुसून पेटीत ठेवली. आता पुरे, येऊ दे जाऊबाईंच्या भावाला, असं ते भिंतीकडे पाहत म्हणाले. मला भीती वाटली ती तेव्हा. पाय कापला तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते. तेव्हा माणूस वाचावा एवढीच गोष्ट होती. आता माणूस वाचून खळ्यावर पाखरं हाकत बसणार होता. दुसऱ्या दुपारी मी चिंधी बांधलेला पाय घेऊन छपरीत जाऊन बसले. ते येईनात. मी हाक मारली. आले, पण पेटी उघडेनात.

मी माझ्या पायावर हात ठेवून म्हटलं, "पाय मन्हा शे. तुम्ही पटाशी धरा."

ते बसले. तुंबा पुरा झाला. गाठीतलं भोकही सरळ उतरलं.

तुंबा बरा की वाईट हे सुताराच्या हातात कळत नाही, लोहाराच्या अंगणात कळतं. आरे ठोकून, पाटे बसवून झाले की चाकावर लोखंडी धाव चढवतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, पकडींनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी मारायचं. धाव आवळते, आणि तिच्यासोबत सगळं चाक आत आत दाबलं जातं. भोकं तिरपी असली तर त्या क्षणी आरा फुगतो, नाहीतर तुंबाच फुटतो. बायका तिथे जात नाहीत. मी घरीच होते आणि चुलीवरचं पिठलं लावून बसले होते, म्हणजे करपवून. तिकडून वाफेचा आवाज आला, मग लाकूड आवळल्याची करकर आली. त्यानंतर काही फुटल्याचा आवाज आला नाही. जेठ परत आले ते माझ्यासमोर उभे राहिले. थोरल्या दिरानं भावजयीशी सरळ बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी चुलीकडे पाहून सांगितलं की चाक नीट झालं, आणि पिठलं करपलंय.

आता राहिलं ते चाक उचलणं. आमच्या गावात नवं चाक सुताराच्या अंगणातून तसंच उचलून नेत नसत. गाडीवाल्याच्या घरची बाई तांब्याभर पाणी घेऊन येई, सुताराला पाटावर बसवी, आणि त्याच्या दोन्ही पायांवर पाणी घाली. चाक घरी गेलं की लक्ष्मी वाहणार, त्याची पूजा होणार. आणि घडवताना तर त्याला पाय लागलेले. म्हणून आधी त्या पायांना मान द्यायचा, मग चाक हलवायचं. हे सगळे करत, गुजर असोत की आणखी कुणी.

जेठांनी आदल्या दिवशीच शिवणीचा पाय मागून घेतला होता. त्याला जवसाचं तेल चोळून चोळून त्यांनी असा चमकवला, की अंगठ्याशेजारचं ते लांब बोट दुरूनही दिसावं. भाऊ पाटावर बसेल तेव्हा लोकांना दोन पाय दिसावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. जाऊबाई चाकाला कुंकू लावत होत्या. सासूबाई दाराशी उभ्या, मी त्यांच्या मागे, एक पाय लुगड्याच्या काठाखाली लपवून. पाटलांच्या घरच्या थोरल्या बाई तांब्या घेऊन आल्या. यजमान चालत पाटापर्यंत गेले, बसले, आणि तो तेल लावलेला पाय पुढे सरळ पसरला. शेजारी त्यांचा उजवा.

बाईंनी उजव्या पायावर पाणी घातलं. मग तांब्या हातात धरून त्या थबकल्या. लाकडाच्या पायावर घालावं की घालू नये, त्यांना कळेना. त्यांनी जेठांकडे पाहिलं. जेठ मान हलवून घाला म्हणाले.

यजमानांनी हात आडवा केला. कमरेचे पट्टे सोडले, पाय उचलून दोन्ही हातांनी भावाच्या हातात दिला, हळूच, तान्हं मूल द्यावं तसा. मग सगळ्यांसमोर, गावातल्या सुतारांनी आणि शेतकऱ्यांनी ऐकावं अशा आवाजात ते म्हणाले, "हाऊ चालाना पाय शे. कामना पाय तठे शे."

कामाचा पाय तिकडे, असं म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मला पळून जावंसं वाटलं. पाटलांच्या बाई कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत होत्या, पण सगळे पाहत होते ते सासूबाईंकडे. त्या मागे वळल्या, माझ्या दंडाला धरून मला पुढे आणलं आणि यजमानांच्या डाव्या अंगाला बसवलं. मग त्या स्वतः खाली वाकल्या आणि माझ्या लुगड्याचा काठ पायावरून वर केला, भिजू नये म्हणून.

पटाशीचा वण उघडा पडला. बाईंनी त्याच्यावर पाणी घातलं. विहिरीचं पाणी होतं, गार. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. चाक उचलून माणसं गेली, तोवर सासूबाईंनी काठ धरूनच ठेवला होता.